तेविसाव्या सेकंदाला

बाईंनी बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्या बावीस वर्षांत एकाही मुलाला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. पोरगं उत्तराच्या मध्यावर पोचलं की उरलेलं उत्तर बाईंच्याच तोंडून बाहेर पडायचं. घरीही तेच. नवरा "मी काय म्हणतो" म्हणायचा आणि तो काय म्हणतो ते बाई सांगायच्या. नणंदेने तर त्यांचं नावच 'पुरवणी' ठेवलं होतं. शाळा सोडून बाईंनी सेहेचाळिसाव्या वर्षी समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, तिथे ऐकायचं असतं बरं का."

लेखी परीक्षेत बाई पहिल्या आल्या. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात. समुपदेशन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खऱ्याखुऱ्या माणसासमोर बसायचं, त्याच्या परवानगीने टेबलावरचा रेकॉर्डर सुरू करायचा आणि घरी जाऊन सगळं संभाषण शब्दन् शब्द उतरवून काढायचं. मध्ये कुणी गप्प राहिलं तर तेही लिहायचं, किती सेकंद ते कंसात. मग दर शुक्रवारी सुपरवायझर मॅडमसमोर ती टेप लावायची. मॅडम डोळे मिटून ऐकत. नव्या विद्यार्थ्यांना वाटायचं, लागली झोप. पण बोलण्यात जरा कुठे गडबड झाली की टेबलावर पेन्सिल टकटक वाजायची. त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'सेकंदकाटा' म्हणत.

बाईंच्या टेपमधली सगळ्यात लांब शांतता चार सेकंदांची होती.

"चार सेकंदांत माणसाचा आवंढा गिळून होतो," मॅडम म्हणाल्या. "बोलायला त्याला जास्त वेळ लागतो. पुढच्या टेपमध्ये मला तीस सेकंदांची एक तरी शांतता हवी. नाही जमली तर मी सही करणार नाही. प्रात्यक्षिक पुन्हा, वर्षही पुन्हा."

बाई आयुष्यात कधी नापास झाल्या नव्हत्या. तीस सेकंद गप्प बसायचं, एवढंच तर होतं. तेवढ्यासाठी वर्ष वाया घालवायचं म्हणजे कमाल झाली.

त्यांच्याकडे येणारा माणूस शहर बसचा ड्रायव्हर होता. पन्नाशी उलटलेला, अंगाने भरलेला, खुर्चीत बसताना खुर्चीचीच परवानगी घेतल्यासारखा बसणारा. चार महिन्यांपूर्वी एक म्हातारी हातात पिशवी घेऊन त्याच्या बससमोर आली होती. बस थांबली, म्हातारीला ओरखडाही आला नाही. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. डेपोत त्याचा मोठा फोटो लागला, खाली लिहिलं होतं 'दक्ष चालक'. आणि पुढच्याच आठवड्यात याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवेना. तळहातांना घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांना शरीरात काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी इकडे पाठवलं. तो बसमध्ये पायही ठेवत नव्हता. केंद्रावर यायचा तोही चाळीस मिनिटं चालत.

तिसऱ्या भेटीत झोपेविषयी बोलता बोलता तो थांबला. खाली, फरशीकडे बघत राहिला. बाईंनी मनात म्हटलं, आली संधी. पदराआड बोट गुडघ्यावर टेकवलं आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. दहाला जीभ शिवशिवायला लागली. वीसला कपाळावर घाम आला. बाईंनी जिभेला दातांखाली धरून ठेवलं. तीस झाले. सोडतात थोड्याच, घोडं दामटलं ते एक्केचाळिसावर नेऊन थांबवलं.

"बरं," बाई प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "झोपेचं काय सांगत होतात?"

ड्रायव्हरने वर पाहिलं. जरा वेळ बघतच राहिला. मग म्हणाला, "झोप ठीक आहे, ताई." त्या दिवशी तो दहा मिनिटं आधीच उठून गेला. बाईंना ते दिसलं, पण एक्केचाळीस सेकंदांच्या आनंदात त्याचं काही वाटलं नाही. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी संभाषण उतरवून काढलं. शांततेत ऐकायचं ते काय, म्हणून तेवढा भाग पुढे सरकवला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, '(शांतता, ४१ सेकंद)'. खाली रेघही मारली.

शुक्रवारी त्या मॅडमसमोर ताठ बसल्या. टेप सुरू झाली. शांतता आली. शाबासकी झेलायला बाई तयारच होत्या. तेवढ्यात पेन्सिल वाजली.

"मागे घ्या," मॅडम म्हणाल्या. "आवाज वाढवा."

पंख्याची घरघर मोठी झाली. आणि त्या घरघरीखाली, तेविसाव्या सेकंदाला, ड्रायव्हरचा आवाज आला. अगदी हळू, पण स्पष्ट.

"ब्रेक मी वेळेवर दाबलाच नव्हता."

मॅडमनी डोळे उघडले. "तुम्ही तेव्हा काय करत होता?"

"मोजत होते," बाई म्हणाल्या.

त्या माणसाने चार महिने जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते इथे सांगितलं होतं, आणि त्यावर बाईंनी त्याला झोपेचं विचारलं होतं. त्याला काय वाटलं असेल? यांनी ऐकलं आणि विषय टाळला. ऐकवत नाही इतकं वाईट आहे आपलं, असंच वाटलं असणार. बाईंना इतकी लाज वाटली की त्यांना रडूही येईना.

"तीस सेकंद मागितले, ते माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या. "ते मी कबूल करते. पण त्या माणसाशी काय बोलायचं, ते तुम्हालाच ठरवावं लागेल."

सोमवारी केंद्रातल्या रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला. "तुमचे ड्रायव्हर बुधवारी येत नाहीत म्हणाले. आता बरं वाटतंय म्हणे."

बाईंनी मॅडमना विचारलं, मी त्यांना फोन करू का? मॅडम म्हणाल्या, "एकदाच करा. वेळ राखून ठेवली आहे, एवढंच सांगा. फोनवर खुलासा करायचा नाही, माफी मागायची नाही, आग्रहही करायचा नाही."

बाईंनी फोन केला. "बुधवारची चारची वेळ मी तुमच्यासाठी ठेवली आहे," त्या म्हणाल्या. पुढची सतरा वाक्यं ओठांवर येऊन उभी होती. ती त्यांनी तिथेच उभी राहू दिली.

"बघतो," ड्रायव्हर म्हणाला.

बुधवारी चार वाजले. सव्वाचार वाजले. सहीचं, वर्षाचं बाईंच्या मनात आलंही नाही. तो माणूस एकटाच ते ओझं घेऊन हिंडत राहील, आणि त्याने एकदा ते खाली ठेवलं होतं तेव्हा आपण समोर असून नव्हतो, हेच त्यांना खात होतं. चार वीसला दार वाजलं. ड्रायव्हर आत आला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"मागच्या वेळी तुम्ही एक गोष्ट बोललात," बाई म्हणाल्या. "मला ती तेव्हा ऐकू आली नाही. नंतर टेपवर ऐकली. तुम्ही बोलत होता तेव्हा मी मनात सेकंद मोजत होते."

"सेकंद?"

"मला गप्प बसता येत नाही. आमच्या मॅडमनी सांगितलं होतं, तीस सेकंद बसून दाखवा. म्हणून मोजत होते. चूक माझी आहे. तुमच्या बोलण्यात काहीच चूक नव्हती."

ड्रायव्हर पुढे वाकला. "म्हणजे परीक्षा होती तुमची?"

"हो."

"पास झालात?"

"झालेच होते जवळजवळ. एक्केचाळीस सेकंद बसले होते."

ड्रायव्हरच्या पोटातून आधी हसू आलं, मग ते चेहऱ्यावर पोचलं. "म्हणजे माझ्यासारखंच झालं की तुमचं, ताई. सगळ्यांना वाटतं माणसाने केवढं काम केलं. आणि आपल्याला आतून माहीत असतं."

तो खुर्चीत मागे सरकून बसला. आणि गप्प झाला. बाईंचं बोट पदराआड गुडघ्यावर गेलं. त्यांनी ते उचललं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. समोर एक माणूस होता, त्याच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं, आणि त्याचा श्वास जड चालला होता. इतकं सगळं दिसायला होतं, हे बाईंना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग तो बोलला. म्हातारी दिसली तेव्हा त्याचे पाय थिजले. ती आपणहून मागे सरली. बस तिच्यापुढे चार हात गेली, आणि कंडक्टर ओरडला तेव्हा कुठे त्याने ब्रेक मारला. टाळ्या वाजल्या तेव्हा खरं सांगायचं राहून गेलं. मग फोटो लागला. "रोज त्या फोटोखालून आत जायचं, ताई. आणि सीटवर बसलं की वाटायचं, पुढच्या वेळी ती मागे सरली नाही तर..." तो अडखळला. पुढचा शब्द बाईंना ठाऊक होता. त्यांनी तो दिला नाही. ड्रायव्हरने तो शोधला, त्याला वेळ लागला, पण तो त्याचा त्यालाच सापडला.

जाताना दारात थांबून तो म्हणाला, "आज बसने जाऊन बघू म्हणतो. मागच्या सीटवर बसेन." बाईंच्या जिभेवर 'शाबास' आलं होतं, वर्गात यायचं तसं. त्या म्हणाल्या, "बरं."

शुक्रवारी मॅडमनी कागद हातात घेतला. शांततेच्या जागी लिहिलं होतं, '(शांतता. मोजलेली नाही.)' मॅडमनी डोळे मिटले. टेप फिरत राहिली, शांतता आली नि गेली, ड्रायव्हर बोलला, बाईंचं "बरं" ऐकू आलं, दार लागलं. पेन्सिल एकदाही वाजली नव्हती.

टेप बंद करायला बाई पुढे झाल्या, तर मॅडमनी हात वर केला. रेकॉर्डर बंद करायचं बाई त्या दिवशी विसरल्या होत्या. खुर्ची सरकली. खिडकीची कडी निघाली. खाली रस्त्यावर बस येऊन थांबल्याचा आवाज, आणि निघून गेल्याचा. आणखी एक बस आली, गेली. मग बाईंचा आवाज, कुणाशी तरी अगदी हळू बोलावं तसा.

"चढा."

इंजिनाची घरघर जवळ आली.

"चढा हो."

मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, "चढले," आणि नाक ओढल्याचा आवाज.

बाईंचे कान लाल झाले होते. मॅडमनी डोळे उघडले. "हे तुम्ही उतरवून काढलं नाहीत."

"ते गेल्यानंतरचं आहे, मॅडम."

"आपण सल्ला द्यायचा नसतो. तुम्ही तर सरळसरळ दिलात."

"त्यांना ऐकू गेला नाही."

मॅडमनी फॉर्म पुढे ओढला आणि सही केली. पेनाला टोपण लावलं, फॉर्म बाईंच्या दिशेने सरकवला, आणि तो सोडता सोडता विचारलं, "मागच्या सीटवर बसला का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मी खिडकीतून बघत होते. पहिल्या सीटवर बसले. ड्रायव्हरच्या अगदी पाठीशी."