परत आलेली मशिनं

गेल्या पावसाळ्यात शिवरंजनीनं बनवलेली पेरणीची मशिनं एकामागून एक परत आली आणि सगळ्या येरमाळ्यात तिचं हसं झालं. दुसरी कुणी असती तर ती मागच्या बाजूला ताडपत्रीखाली झाकून मोकळी झाली असती. हिनं ती दुकानापुढं, हायवेच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी ओळीनं उभी केली. चैत्रात येडेश्वरीची यात्रा भरली, जिल्हाभराचा माणूस लोटला, आणि देवीला निघालेल्या प्रत्येकानं ती रांग पाहून घेतली. कुणाची म्हणून कुणी विचारलं, की चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे मोठ्या आनंदानं सांगत, "शांतलिंग आप्पाच्या पोरीची. बिघडलेली हायेत."

शांतलिंग आप्पांना ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होई. तीन पिढ्यांचं दुकान ते. नांगर, फवारे, मोटारी, बियाणं, शेतकऱ्याला लागेल ते कुठून कुठून आणायचं आणि विकायचं. त्या घरात कुणी कधी काही बनवलं नव्हतं. आप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उभ्या आयुष्यात वंगणाचा डाग पडला नव्हता आणि कपाळावरचं भस्म संध्याकाळपर्यंत जागचं हलत नसे. पोरीनं डिप्लोमा केला तेव्हा त्यांनी पेठेत पेढे वाटले. त्याच पोरीनं दुकानामागच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन आणून बसवलं तेव्हा मात्र त्यांनी तिच्याशी अबोला धरला.

चूक झाली होती हे खरंच होतं, आणि ती फक्त दुकानदाराच्या घरातच व्हावी अशी होती. शिवरंजनीनं मशीन तपासलं ते दुकानातल्या पोत्यातलं सोयाबीन घालून. कोरडं, ठणठणीत, बी मोजून सोडणाऱ्या चकतीतून टपटप पडणारं. शेतकरी तसं पेरत नाही. तो गुळाच्या पाण्यात जिवाणू खत कालवून बियाण्याला चोळतो, सावलीत सुकवतो, आणि घाई असली की अर्धवट सुकलेलंच पेटीत ओततो. ते चिकट बी चकतीच्या खाचांत जाऊन बसलं ते बसलंच. पीक उगवून आलं तेव्हा ओळीओळीत नांग्या, वीतवीत मोकळी जमीन. पिढ्यान्‌पिढ्या बियाणं विकणाऱ्या घरात ही साधी गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

शिवरंजनी बांधाबांधावर गेली, शिव्या खाल्ल्या, मशिनं परत आणली आणि वर्षभर एकेक उघडून बसली.

"मोडीत घाल ती," एके दिवशी जेवताना आप्पा म्हणाले. "रोज दारात बदनामी कशाला मांडायची?"

"जो बनवतो त्याच्याकडंच परत येतं, आप्पा," ती म्हणाली. "आजवर आपल्या दुकानातनं गेलेला माल चांगला व्हता म्हणून परत आला न्हाय, असं वाटतं का तुमाला? कुठं परत न्यावा हेच कुणाला ठाव न्हवतं."

आप्पांनी ताटातच हात धुतला आणि ते उठून गेले.

वैशाखात कुलदीप आला. एका मोठ्या कंपनीचा जिल्ह्याचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लाघवी. पेरणीची मशिनं सुट्या भागांत, खोक्यांत भरून, थेट परदेशातून येणार. इथं फक्त जोडायची, वर कंपनीचा स्टिकर लावायचा आणि विकायची. सगळ्या जिल्ह्याची एजन्सी आप्पांना. बदल्यात मागचं शेड तेवढं गोदामाला रिकामं करून द्यायचं. शिवरंजनी त्या दिवशी पत्रा आणायला लातूरला गेली होती. ती परत आली तोवर आप्पा शब्द देऊन बसले होते, आणि शांतलिंग आप्पांचा शब्द म्हणजे काय हे तिकडं परंड्याच्या पेठेलाही माहीत होतं. त्यांनी कधी कुणाशी कागद केला नव्हता आणि कधी दिलेला शब्द फिरवला नव्हता.

"आप्पा, गोरोबा चाकणची नोकरी सोडून हितं आलाय," ती म्हणाली. गोरोबा तिचा वेल्डर, याच गावचा. "नट आवळायला वेल्डर लागत न्हाय. त्यानं आता पुन्हा चाकणला जायचं?"

"तू हायेस की. म्यानेजर व्हशील."

"कशाची? खोक्याची?"

"पोरी, त्यो माल जगभर चालतोय. तुझं येरमाळ्यात चालंना."

हे तिच्या वर्मी लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला संताप आला. "चालंना, म्हणूनच बनवायचं," ती म्हणाली. "लोकांनी बनवलेलं आपण नुसतं जोडत बसलो तर आपलं कधीच चालणार न्हाय. पुढच्या पिढीला बी न्हाय."

"शेड माझ्या नावावर हाय, शिवा. आन म्या शब्द दिलाय."

ती रात्र शिवरंजनीनं तळमळत काढली. शेडला कुलूप लावून किल्ली घेऊन बसणं तिला अवघड नव्हतं. आईनंही तिचीच बाजू घेतली असती. पण बापाला बाजारात खोटं पाडणं तिला जमणार नव्हतं, आणि काम थांबवणं तर त्याहून जमणार नव्हतं. सकाळी तिनं शेजारच्या बंद पडलेल्या धाब्याच्या मालकाला फोन लावला, त्याचं अंगण मागून घेतलं आणि गोरोबाला म्हणाली, "उचला समदं. आपल्याला शेड सोडायचंय, काम न्हाय."

ड्रिल, कटर, वेल्डिंग मशीन, लोखंडाच्या पट्ट्या, अर्धी झालेली मशिनं, सगळं शेडात काम करणाऱ्या पोरांनी वाहून नेलं. बांबू रोवून वर हिरवी जाळी ताणली. वैशाखाचं ऊन जाळीला दाद देत नव्हतं. उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नव्हता, म्हणून पोरांनी फडकी ओली करून हाताला गुंडाळली. आप्पा गल्ल्यावर बसून सगळं बघत होते. ते त्यांना बघवत नव्हतं, पण शब्द दिलेला होता.

खोक्यांचा ट्रक यायचा होता तोच दिवस शिवरंजनीनं मुद्दाम निवडला. ईट गावच्या द्वारकाबाईंना तिनं त्याच दिवशी बोलावलं. गेल्या वर्षी सगळ्यांत जास्त नांग्या त्यांच्या रानात पडल्या होत्या आणि सगळ्यांत मोठं भांडणही त्यांनीच केलं होतं. 'बी तुमच्या हातानं चोळून आणा,' एवढंच तिनं सांगितलं होतं. बाई एसटीनं आल्या, मांडीवर डबा घेऊन, आणि डब्यात गुळानं ओलसर असलेलं सोयाबीन.

ट्रकमधून खोकी उतरत होती. कुलदीप हसत धाब्याच्या अंगणात आला. "ताई, उन्हात कशाला? आत पंखा हाय."

"पंखा खोक्यांना लागंल," शिवरंजनी म्हणाली.

नव्या चकतीचं मशीन गोरोबानं जॅकवर उचललं, खाली ताडपत्री पसरली. द्वारकाबाईंनी डबा पेटीत उपडा केला. गोरोबा हातानं चाक फिरवू लागला आणि नळ्यांतून बी पडू लागलं, सारख्या अंतरानं. हमाल खोकी खाली ठेवून बघायला आले. चहावालाही आला. आप्पा दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

आणि एक नळी बंद पडली.

"घ्या," कुलदीप म्हणाला. चहावाल्याला हसू आवरेना. गोरोबाचा चेहरा उतरला. क्षणभर शिवरंजनीला वाटलं, संपलं. मग तिनंच हाक दिली, "लांबनं काय बघताय? जवळ या. कुठं अडकलं ते बघा."

तिनं पेटी खोलली, चकती काढली आणि सगळ्यांपुढं धरली. एका खाचेची कड घासायची राहिली होती. बी तिथं धरलं होतं. तिनं कानस घेतली, सगळ्यांच्या देखत कड घासली, चकती परत बसवली. गोरोबानं चाक फिरवलं. नळी वाहू लागली.

"आन रानात पुन्हा अडकलं तर?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"अडकंल बी, मावशी. तर या, आन भांडा."

द्वारकाबाई कुलदीपकडं वळल्या. "तुझ्या खोक्यातलं अडकलं तर, बाबा?"

"नंबर हाय की, मावशी. फोन लावायचा, तक्रार नोंदवायची."

"फोनवर कोण आसतंय?"

"कंपनीचा माणूस."

"कुठं ऱ्हातो त्यो?"

कुलदीपनं मोबाइल काढून नंबर पाहिला. तिथं गावाचं नाव नव्हतं.

"गेल्या साली ही पोरगी माझ्या बांधावर आली," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्या तोंडाला यील ते बोलले. हिनं खालमानेनं ऐकलं आन मग दिवसभर माझ्या रानात वाकून नांग्या बघत फिरली. माझा घरधनी बी तसा फिरला न्हवता. भांडायला माणूस तर पायजे की, बाबा. म्या हेच नेणार."

आप्पा पायरी उतरले. उन्हातून, धुळीतून, पांढऱ्या सदऱ्यानिशी अंगणात आले. ताडपत्रीवर पडलेलं बी त्यांनी चिमटीत धरून पाहिलं. बोटं चिकट झाली. आयुष्यभर त्यांनी पोत्यानं बियाणं विकलं होतं, पण पेरायला तयार झालेलं बी कधी हातात घेतलं नव्हतं.

"कुलदीप," ते म्हणाले, "खोकी परत भर."

"काका, शब्द दिलाय तुमी."

"दिला व्हता. मोडतोय." आप्पांचा आवाज हमालांनाही ऐकू जाईल एवढा होता. "पेठेत सांग, शांतलिंगनं शब्द मोडला. कुणी मला इचारलं तर म्या बी तेच सांगीन."

शिवरंजनीच्या हातातली कानस तशीच राहिली. हे तिला नको होतं. "आप्पा, तुमचा शब्द राहावा म्हणून तर मी भाईर उन्हात आले."

"ठाव हाय," आप्पा म्हणाले. "म्हणूनच मोडला."

कुलदीप फोन कानाला लावून ट्रककडं गेला. हमाल कुरकुरत खोकी पुन्हा चढवू लागले. गोरोबानं विचारलं, "ताई, सामान शेडात न्यायचं का मग?"

"नगं," ती म्हणाली. "हे हितंच राहू दे, रस्त्यावर, समद्यांच्या डोळ्यांपुढं. शेडात दुसरं काम लावू." मग ती बापाकडं वळली. "आप्पा, आता पेठेत काय म्हणतील तुमाला?"

आप्पांनी चिकट बोटं सदऱ्याला पुसली. पांढऱ्या कापडावर गुळाचा डाग उमटला.

"म्हणू दे," ते म्हणाले. "ज्याला काय म्हणायचं आसंल त्यानं हितं यून म्हणावं."