न भाजणारा हात

पुलगावात कमलाबाईंच्या खानावळीतली लांब रोटी न खाल्लेला गिरणी कामगार सापडला असता, तर तो एकतर कालच गावात आलेला असता, नाहीतर त्याच्या तोंडात दात नसते. ती रोटी जयवंता करायची. पालथ्या मडक्याखाली जाळ, हातावर सैल कणकेचा गोळा. तो या हातावरून त्या हातावर खेळवत ती कोपरापर्यंत लांबवायची आणि तापलेल्या मडक्यावर अलगद टाकायची. इथवर कोणतीही बाई करील. पण भाजलेली रोटी बाकीच्या बाया उलथन्याने उचलत, आणि जयवंता उघड्या बोटांनी. दारात उभं राहून लोक ते बघत.

"आमच्या जयवंतेले अग्नी ओळखते," असं कमलाबाई येईल त्याला सांगत. खानावळ त्यांच्या नवऱ्यामागे त्यांनीच उभी केली होती, आणि जयवंताचा हात हे त्या खानावळीचं भूषण होतं.

आपल्याकडे हे एक वेड आहेच. स्वयंपाकिणीचा हात भाजेनासा झाला की तो मुरला म्हणायचं. जयवंतालाही तसंच वाटे. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं वर्षभर जरा परक्यासारखं वागत होतं. मनगटाखाली एक फिकट चट्टाही उठला होता. इतकी वर्षं जाळापुढे काढल्यावर एवढं व्हायचंच, असं म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

त्या उन्हाळ्यात गावात हैज्याची साथ येऊन गेली आणि नगरपालिकेला जाग आली. हॉटेल, खानावळ, मिठाईचं दुकान, जिथे जिथे दुसऱ्यासाठी अन्न शिजतं तिथल्या प्रत्येकाने आरोग्याचा वर्ग करायचा, शेवटी तपासणी द्यायची आणि दाखला घ्यायचा. दाखला नाही त्याने चुलीजवळ उभं राहायचं नाही. वर्ग भरला प्राथमिक शाळेत. पोरांच्या बाकांत पोटं अडकलेले हलवाई, मिशा पिळत बसलेले भजेवाले, आणि मागच्या बाकावर जयवंता नि तिचा नवरा रूपराव. रूपराव त्याच खानावळीत वाढपी होता.

शिकवायला डॉक्टर मधुकरराव होते. आवाज बारीक, पण माणूस चिकाटीचा. दूध उकळा, अन्न झाका, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा, नखं कापा, हात साबणाने धुवा. हाताला जखम असेल तर तो हात कणकेत घालू नका. हलवाई आपसात हसत. त्यांच्या बापजाद्यांनी माश्यांसकट पेढे विकले होते आणि कोणी मेलं नव्हतं, निदान दुकानासमोर तरी नाही.

जयवंता हसली नाही. शाळेच्या बाकावर ती जन्मात पहिल्यांदा बसली होती. डॉक्टर जे सांगत ते ती घरी येऊन रूपरावला पुन्हा म्हणून दाखवी. तिला तो दाखला हवा होता. स्वतःच्या नावाचा कागद खानावळीच्या भिंतीवर लागावा, इतकं हवंसं तिला बऱ्याच वर्षांत काही वाटलं नव्हतं. आणि दाखला नसेल तर मडकं सुटणार होतं. मडकं सुटलं तर ती कोण होती, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या दिवशी हातांची तपासणी होती. कमलाबाई मुद्दाम आल्या होत्या. जयवंताची पाळी आली तशा त्या पुढे सरसावल्या.

"डाक्टरसाहेब, हा हात नीट पाहून घ्या. तापल्या मडक्यावरची रोटी उचलते. काही वाटत नाई तिले."

डॉक्टरांनी हात पालथा केला. बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते आणि करंगळीवर एक ताजा, पाण्याने भरलेला फोड.

"हा कधी आला?"

"कोठं?" जयवंता म्हणाली आणि स्वतःच वाकून बघू लागली.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची बारीक वात केली. "मी जिथे जिथे कापूस लावीन, तिथे उजव्या हाताचं बोट ठेवायचं."

हीच परीक्षा, असं जयवंताला वाटलं. तिने डोळे घट्ट मिटले. अंगठ्याला लागलं, तिने बोट ठेवलं. तळव्याला लागलं, तिने बोट ठेवलं. मग काहीच नाही. ती वाट बघत राहिली. तेवढ्यात मागून रूपराव खोकला. जयवंता हुशार बाई. तिने अंदाजाने करंगळीवर बोट ठेवलं. पुन्हा काही नाही, पुन्हा खोकला, तिने पुन्हा बोट ठेवलं. नवरा परीक्षेत मदत करतोय म्हणून तिला मनातून हसू येत होतं.

"रूपराव, तुम्ही जरा बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाले.

पावलं बाहेर गेली. मग वर्गात काहीच होईना. ती डोळे मिटून बसून राहिली.

"सुरू करा ना साहेब," अखेर ती म्हणाली.

"बाई, मी मघापासून कापूस लावतोच आहे."

तिने डोळे उघडले. कापसाची वात तिच्या करंगळीवर टेकलेली होती. तिला ती दिसत होती, एवढंच.

डॉक्टरांनी बाकीच्यांना बाहेर काढलं, कमलाबाईंनाही. मग खुर्ची तिच्या जवळ ओढून त्यांनी त्या आजाराचं नाव घेतलं. महारोग. तिच्या कानांत नुसतं वारं भरलं. ते सांगत होते की सुरुवात आहे, गोळ्या निघाल्या आहेत, महिन्याच्या महिन्याला येऊन दाखवायचं, याने बोटं झडणार नाहीत. तुमचा हा प्रकार दुसऱ्याला लागत नाही, कुठे जायचं नाही, घरीच राहायचं.

"दाखला?" तिने विचारलं.

"आत्ता नाही देता येणार. खाणाऱ्यांची भीती नाही मला. भीती या हाताची आहे. जे कळत नाही ते वाचवता येत नाही. हा हात आता जाळाजवळ न्यायचा नाही."

शाळेच्या अंगणात कडुनिंबाखाली रूपराव उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमाले मालूम होतं?"

तो जमिनीकडे बघत होता. "हाव."

"कवापासून?"

"दिवाळीले तुह्या बोटावर पणती कलंडली. तू माह्याशी बोलून राह्यलती, बोलतच राह्यली."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू गेली असती."

ते खरं होतं. तिने कोणाला न सांगता लुगड्याचं गाठोडं बांधलं असतं आणि दत्तपूरच्या कुष्ठधामाची वाट धरली असती, नवऱ्याला आपला विटाळ नको म्हणून. त्याला ती पुरती ओळखून होती, आणि तो तिला तिच्याहून जास्त. दिवाळीपासून हा माणूस तिच्या हातातून गरम भांडी काढून घेत होता, विळी लपवत होता, निजताना बोटांना करडीचं तेल चोळत होता. त्या तेलाने काय होणार होतं? काहीच नाही. त्याच्या गप्प बसण्याने हात अजून भाजत गेला. जयवंताला त्याचा संताप आला, आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. शाळेच्या अंगणात यातलं काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

कमलाबाई शाळेच्या ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी काय ऐकलं आणि काय ताडलं कोण जाणे. चेहरा पडला होता.

"माहीच जीभ झडो," त्या म्हणाल्या. "गावभर सांगत फिरली, तिले काही वाटत नाई म्हणून." मग पदराने तोंड पुसून उठल्या. "उद्या मडकं चढन. रोट्या रूपराव करन, त्याले दाखला भेटला आहे. तू दारापाशी पाटावर बसून त्याले शिकवजो. लोकाईले काय सांगाचं ते माह्याकडं."

"बाई, लोक खानावळ सोडतीन."

"सोडतीन ते सोडतीन. तुले सोडून मी कोठं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपराव मडक्यापुढे उभा राहिला. भिंतीवर त्याच्या नावाचा दाखला होता आणि त्याच्या हातात कणीक फाटत होती. पहिली रोटी जाळात गेली, दुसरीचं फडकं झालं. पाटावरून जयवंता सांगत होती, कोपर वर करा, घाई नको, कणीक वढू नका, तिले स्वतःहून उतरू द्या. तिसरी कशीबशी मडक्यावर बसली. ती करपायला लागली तशी त्याला उलथनं सापडेना, म्हणून त्याने बायकोसारखी बोटांनीच उचलली, आणि ओरडून बोटं तोंडात घातली.

"तोंडात नका घालू," जयवंता पाटावरून उठलीच. "साहेबानं काय शिकवलं? चला, पाण्याखाली धरा."

तिने मोरीपाशी नेऊन त्याच्या हातावर गार पाणी ओतलं. बोटांची टोकं लाल झाली होती, एकावर बघता बघता फोड धरत होता.

"लय जळते?"

"लय."

"कसं लागते, सांगा ना."

रूपरावने तिच्याकडे पाहिलं. मग सांगायला लागला. आधी काही कळत नाही, मग एकदम इंगळी डसल्यासारखं होतं, मग ठसठस सुरू होते ती थेट कोपरापर्यंत जाते. तो सांगत होता आणि ती ऐकत होती. कालपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

तिने उजव्या हाताचं बोट, ज्याला सगळं कळत होतं ते, त्याच्या फोडावर हलकेच टेकवलं. त्याने झटकन हात मागे घेतला.

"दुखलं?"

"हाव."

"बरं झालं," जयवंता म्हणाली. तो हात तिने पुन्हा आपल्या हातात घेतला आणि मग तिला रडू फुटलं.