सहीपुरता उरलेला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर नकाशाची खालची कड आहे, वीतभर रुंदीची. माझ्यावर ‘थॉर्नशॉ येथील प्रार्थनाघर’ असं ठसठशीत नाव आहे आणि कोपऱ्यात एडविन हॅलिवेल यांची सही आहे. प्रार्थनाघर मात्र माझ्यावर कुठेच नाही.

मी कागदाचा नाही, कापडाचा आहे. त्या काळी जपून ठेवायचे नकाशे तलम लिननवर काढत. खळ लावून, घोटून कापड इतकं गुळगुळीत करत की खाली ठेवलेल्या कच्च्या नकाशाच्या रेषा वरून दिसाव्यात. हॅलिवेल हे माझे मालक. यॉर्कशायरमधल्या थॉर्नशॉ या आमच्या गिरणीगावातली शाळा, टपालकचेरी आणि पुढे मंडई, सगळं त्यांच्याच हातचं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं आणि भिंतीशी नकाशांचं खणांचं कपाट.

इमारत उभी राहिली की नकाशाचं काम संपलं, असं वास्तुविशारदांच्या घरी बायका धरूनच चालत. सोड्याच्या पाण्यात उकळलं की खळ जाते, शाई जाते आणि हाती उत्तम कापड राहतं. मालक ज्या रुमालाने नाक पुसत, तो एकेकाळी टपालकचेरीचा जिना होता. त्यांनाही त्याची गंमत वाटे.

माझ्यावर त्यांनी प्रार्थनाघराच्या आतला सज्जा काढला आणि त्याखाली ओळीने सहा लोखंडी खांब. प्रत्येक खांबाच्या गोलासाठी कर्कटकाचं टोक माझ्यात रुतलं. दुखलं, पण ऐटही वाटली. एवढा मोठा सज्जा मी पेलणार होतो ना!

मग एक दिवस क्रॅबट्रीसाहेब आले. लोकरीच्या गिरणीचे मालक आणि प्रार्थनाघराचे मुख्य विश्वस्त. त्या काळी मोठी घराणी प्रार्थनाघरातली बाकं भाडं भरून आपल्यासाठी राखून ठेवत. माझ्यावर जाडजूड बोट ठेवून ते म्हणाले, “हॅलिवेल, हा सहावा खांब बरोबर माझ्या बाकापुढे येतोय. बाकाचं भाडं मी भरायचं आणि दर रविवारी लोखंडाचं तोंड बघत बसायचं?”

“बाक सरकवा, साहेब. खांब सरकत नाही.”

“अहो, बाक आमच्या घराण्याचा आहे. तुमच्या खांबाला कुठे घराणं आहे?”

मालक हसले, पण नाहीच म्हणाले. पुढे ते दुसऱ्या कामासाठी समुद्रकाठी गेले. परत येऊन पाहतात तो सज्जा तयार, रंगसुद्धा देऊन झालेला, आणि खाली खांब पाचच. संतापाने लाल होऊन ते घरी आले. मागोमाग क्रॅबट्री आले.

“उभा आहे ना सज्जा? मग झालं तर! तुम्ही लोक भलतेच भित्रे बुवा. आणि हो, मंडईच्या कामाचं बोलायला या पुढच्या आठवड्यात.”

मालक गप्प बसले. इथेच ते चुकले, मित्रांनो. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते. विश्वस्तांकडची माझी प्रत क्रॅबट्रींच्या तिजोरीत गेली. मला मालकांनी सगळ्यांत वरच्या खणात ठेवलं. का ठेवलं, ते घरात कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर आपलं गप्प बसणंही सांगावं लागलं असतं.

वर्षं गेली. मालकांची मुलगी टॅबिथा बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा जहाजावर होता. ऐन हिवाळ्यात मूल झालं, सायलस. अशक्त, कातडी अशी नाजूक की लोकरीने लाल चट्टे उठत. मालक परगावी होते. टॅबिथाने वरचा खण उघडला, मला गालावर घासून पाहिलं आणि कात्री घेतली. नावाची शाई जाड होती, ती निघणार नाही म्हणून तिने मला कापून खणात परत ठेवलं. माझा बाकीचा भाग तिने सोड्यात उकळला आणि त्याचं झबलं झालं.

खण उघडाच होता; माझ्यासमोरच बसून तिने ते शिवलं. कापडावर भोकांची एक ओळ राहिली होती. तिने प्रत्येक भोकावर पांढऱ्या दोऱ्याने एक फूल भरलं. सहा फुलं.

बाळ जगलं नाही. त्याच झबल्यात त्याला पुरलं. त्यानंतर त्या घरात झबल्याचा शब्द कुणी काढला नाही, आणि टॅबिथाने तर नाहीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुलांच्या गाण्याच्या रविवारी सज्जा कोसळला. वर गावातली पोरं पांढरे कपडे घालून गात उभी होती. क्रॅबट्री नेमके समोर चौथऱ्यावर बक्षिसं वाटत होते, म्हणून वाचले. कितीतरी मुलं गेली. आमच्या गल्लीत एकही दार असं नव्हतं की ज्यामागून रडणं ऐकू येत नव्हतं.

खानावळीच्या माडीवर चौकशी बसली. क्रॅबट्रींनी सांगितलं, खांब मुळातच पाच होते, आमची प्रत गहाळ झाली आहे. खांब बसवणारा मिस्त्री केव्हाच ऑस्ट्रेलियाला गेला होता. मालक चौकशीवरच्या शिपायाला घेऊन ताठ मानेने घरी आले. “चल, दाखवतो तुला सहा खांब,” म्हणत त्यांनी वरचा खण ओढला. आत मी होतो, एकटा.

दारात टॅबिथा उभी होती. तिला आत्ता कळलं की तिने काय उकळलं होतं.

“बाबा, ते... सायलसचं झबलं,” एवढंच ती बोलू शकली.

शिपायाने मला उचललं. माडीवर चौकशी अधिकाऱ्याने मला उजेडात धरलं.

“ही सही तुमची?”

“माझीच.”

“आणि खांब?”

मालकांच्या आधी टॅबिथा उठली. “सहा होते, साहेब. भोकं राहिली होती. मी प्रत्येकावर एक फूल भरलं. माझ्या हाताने.”

“झबलं कुठे आहे, बाई?”

“माझ्या बाळाच्या अंगावर.”

“म्हणजे पुरावा मातीत!” क्रॅबट्री म्हणाले. “फारच सोयीचं झालं की.”

अधिकाऱ्याने मान खाली घातली. बाळाच्या झबल्यावरची फुलं हा पुरावा होत नाही, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. दोष मालकांवर आला. माझ्यावरची सही तेवढी पुरावा ठरली, आणि ती त्यांच्याच विरुद्ध. जन्मभर मी हे विसरलो नाही.

घरी परत आल्यावर मालकांनी मला टेबलावर पसरलं. मग टॅबिथाकडे न पाहताच विचारलं, “सहावं फूल कुठे आलं होतं गं?”

“गळ्याशी, डावीकडे. गुंडीला अगदी लागून.”

“हो. तिथेच होता तो खांब, ओळीच्या टोकाला.”

त्यांनी कर्कटक घेतलं आणि सहीच्या वरच्या कोऱ्या जागेत, पहिल्यासारखंच अंतर मोजून, पाच वेळा टोचलं. सहाव्यांदा टॅबिथाने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून टोचलं.

त्यांना पुन्हा कुणी काम दिलं नाही. प्रार्थनाघराच्या कोनशिलेवरून त्यांचं नाव तासून काढलं. ते गेल्यावर बाकीचे नकाशे चिंध्यावाल्याने नेले. मी, दोन पत्रं आणि चष्म्याचं एक बिल, एवढा त्यांचा संसार आज एका संग्रहालयाच्या पेटीत आहे. माझ्यावर चिठ्ठी आहे: ‘सहीचा तुकडा. कसर लागून सहा भोकं.’

मित्रांनो, जुनं काही हाती आलं तर चिठ्ठी वाचून लगेच पेटी मिटू नका. मला जरा खिडकीशी न्या. एका ओळीत, सारख्या अंतरावर, मोजून मापून खाणारी कसर तुम्ही कधी पाहिली आहे का?