हाडांच्या वॉर्डातली मालिका

"मग? त्या भवानीने इस्टेट लाटली की नाही?" इस्योंगने छताकडे बघतच विचारलं.

केळीच्या पानात बांधलेला पुतो, तांदळाचा वाफवलेला गोड केक, सोडता सोडता पासिंगचा हात थांबला. लग्न झाल्यापासून या माणसाने तिच्या मालिकांना 'रडूबायांचा बाजार' यापलीकडे नाव दिलं नव्हतं. संध्याकाळी 'लिगायाची शपथ' सुरू झाली की तो मुद्दाम अंगणात जाऊन कोंबड्यांना दाणे टाकत बसे. कोंबड्यांचं पोट भरलं तरी टाकतच राही, आणि तेही नेमकं खिडकीखाली.

पण वादळात अँटेना वाकडी झाली तेव्हा छपरावर चढला तोच. "आलं का चित्र?" "आलं! अरे, गेलं!" "आता?" "आता आलं, आलं!" या आनंदात पाय कुठे पडतोय हे त्याने पाहिलं नाही. अँटेनासकट खाली आला. आता गुमाका गावच्या सरकारी दवाखान्यात, वजनं बांधलेला पाय वर टांगून तो पडला होता.

'तुझ्याबरोबर अँटेनाही मोडली, मला काय ठाऊक' असं म्हणायला पासिंगची जीभ रेटेना. बाजारातला धंदा आटपून ती वॉर्डात यायची तीच मालिकेची वेळ. तिने घसा खाकरला आणि दिलं ठोकून.

"इस्टेट कसली लाटते! कागदावर सही करणार, तेवढ्यात त्या भवानीच्या, क्रिसांता बाईसाहेबांच्या पडद्याला... आपलं, झग्याला मेणबत्ती लागली."

"जळाली?" शेजारच्या खाटेवरून आवाज आला. तो म्हातारा सिमोंग. जन्मभर मासे धरले आणि अखेर ओल्या धक्क्यावर घसरून खुबा मोडून घेतला. मुलगी परदेशात, भेटायला कुणी नाही.

"एवढ्यात कशी जळेल, सिमोंगकाका? नुसता वरचा झगा जळला. आत जुना, ठिगळ लावलेला झगा! सगळ्यांना कळलं, बाई मुळात कफल्लक आहे."

वॉर्डात हशा पिकला. एकाचे टाके दुखले, तो हसता हसता शिव्या देऊ लागला.

दुसऱ्या दिवसापासून पासिंग यायच्या आधीच खाटा सरकू लागल्या. तिलाही चेव आला. समुद्रात बुडालेला लिगायाचा खलाशी बाप तिने एका बेटावर जिवंत काढला. सगळं विसरलेला, एका भट्टीत पाव भाजणारा. सिमोंग त्या बापापायी औषधसुद्धा विसरायचा.

"पोरी, लेक भेटते ना त्याला?"

"भेटेल हो. बोटीत बसलीय."

"बोट सावकाश चालव. वारा उलटा आहे."

एके दिवशी मारिव्हिक नर्स तिथेच थबकली. "पासिंगमावशी, काय सांगताय हे? काल माझी सुट्टी होती, मी पाहिलं ना! बापाचं प्रेत सापडलं, पुरलंसुद्धा. माझी उशी भिजली!"

पासिंगला वाटलं, धरणी दुभंगावी.

"पुरलं?" सिमोंग ताडकन म्हणाला. "कालपर्यंत तर पाव भाजत होता!"

"सिस्टर," इस्योंग गंभीरपणे म्हणाला, "तुमच्या घरचा टीव्ही दाखवून घ्या कुणाला तरी. बिघडलाय."

"हो, भलत्याच माणसाला पुरलं असेल!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. मारिव्हिकने कपाळावर हात मारून घेतला आणि ती थर्मामीटर घेऊन निघून गेली.

सगळे पांगल्यावर इस्योंग हळूच म्हणाला, "अँटेना माझ्याखालीच चेपली होती गं. हाड मोडलंय, डोकं नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस, मेल्या?"

"पुढचं कोण सांगणार मग?"

यथावकाश तो कुबड्यांवर घरी आला. शेजाऱ्याने अँटेना बसवून दिली. दोघं टीव्हीसमोर बसली. क्रिसांता डोळे वटारत होती, लिगाया रडत होती. "अळणी आहे," इस्योंग म्हणाला, आणि पासिंगला उगाच लाजल्यासारखं झालं.

येत्या गुरुवारी येऊन पुढचं सांगेन, असं तिने सिमोंगला कबूल केलं होतं. बोट बेटाला लागायची होती. गुरुवारी ती गरम पुतो घेऊन वॉर्डात शिरली. सिमोंगच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती.

मारिव्हिक जवळ आली. "काल सकाळी गेले. छातीत कफ भरला होता."

पासिंग स्टुलावर बसली.

"परवा सारखं विचारत होते, तिकडं काय झालं म्हणून," मारिव्हिक म्हणाली. "तुम्ही नव्हता. मग मीच सांगितलं."

"खरं सांगितलंस?"

"छे हो! म्हटलं, बोट लागली. लेकीने बापाला लांबूनच ओळखलं. दोघं जेवायला बसली."

"काय जेवली?"

"भात. तुयो."

"सुका मासा? बेटावर?" पासिंगने नाक ओढलं. "ताजा द्यायचास, मुली. जन्माचा कोळी तो."

"हेच म्हणाले ते," मारिव्हिक म्हणाली. "मग मी ताजा केला."

पासिंगने पान सोडून पुतो तिच्यापुढे धरला. मारिव्हिकने एक उचलला आणि त्या रिकाम्या खाटेच्या कडेला टेकून खाऊ लागली.