मागच्या रांगेपर्यंत

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. खामगावातल्या एका तंत्रनिकेतनाच्या सभागृहात माझं अख्खं आयुष्य गेलं. वाकणारी लोखंडी मान, वर जाळीचं डोकं आणि पाय भाषणाच्या मेजात घट्ट रोवलेले, असा माझा अवतार. तुम्ही मला शंभरदा पाहिलं असेल, पण लक्षात ठेवलं नसेल. माईक कोण लक्षात ठेवतो?

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते खोक्यातून बाहेर निघाल्यावर दिसलेलं रंगरावमामांचं तोंड. ते सभागृहाचे शिपाई. त्यांनी मला मेजावर बसवलं, "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि आपलाच आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेलेला ऐकून खुदकन हसले. "आता कसं!" म्हणाले. झालं, त्या दिवसापासून मी कामाला जुंपलो. स्वागतं, सत्कार, निरोपसमारंभ, गॅदरिंग. कुणी टिचक्या मारल्या, कुणी फू फू करून सुपारीचे कण उडवले. शाल-श्रीफळ वक्त्याला, हार पाहुण्यांना, आणि माझ्या वाट्याला धूळ! रंगरावमामा तेवढे कार्यक्रमानंतर मला पुसायचे. ते रिटायर झाले आणि माझी विचारपूस करणारं कुणी उरलं नाही.

एकटेपणा म्हणजे काय ते मला विचारा. माणसं अगदी तोंडाला तोंड लावून बोलतात, पण त्यातला एक शब्दही माझ्यासाठी नसतो. आणि मला बोलता येतं ते दुसऱ्याचंच. आपलं स्वतःचं म्हणून एक अक्षर काढता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे तंत्र परिषद भरली. आमच्याच धम्मशीला मॅडमचं भाषण होतं. त्या जवळच्याच पिंपळगाव राजा या गावच्या, इथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. कापसाची दाबलेली गाठ न फोडता आत ओल किती आहे ते सांगणारं यंत्र त्यांनी केलं होतं. गाठीत ओल राहिली की कापूस आतून पिवळा पडतो. सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारे जिनिंगचे कारखाने खामगावात काही कमी नाहीत, म्हणून जिनिंगवाल्यांनाही मुद्दाम बोलावलं होतं. ते बिचारे संकोचून मागच्या रांगेत बसले.

पहिली दोन वाक्यं ठणठणीत गेली. मग पडद्यावर आकृत्या आल्या आणि मॅडम पडद्याकडे वळल्या त्या वळल्याच! सगळं बोलणं पडद्याशी, पाठ आमच्याकडे. मी कान टवकारले, पण माझ्यापर्यंतच काही येईना, तर मी पुढे काय पाठवू? मागचे जिनिंगवाले आधी पुढे वाकले, मग एकमेकांकडे बघू लागले, मग मोबाइल काढून बसले. ज्यांच्यासाठी यंत्र केलं त्यांनाच ते कळलं नाही.

आणि शेवटी काय? टाळ्या! आमच्याकडची रीतच तशी आहे. घरच्या माणसाला पाहुण्यांदेखत उणं बोलायचं नाही, आणि पाहुणे गेल्यावर तर विषयच संपला. अध्यक्ष म्हणाले, "अत्यंत मार्मिक मांडणी." बाकीचे म्हणाले, "एक नंबर, मॅडम!" प्रश्न एकानेही विचारला नाही. सगळे आलूबोंडा आणि चहाकडे पळाले. मॅडम माझ्याशेजारी नारळ हातात धरून हसत उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

त्याच कौतुकाच्या भरवशावर मॅडम तेच भाषण घेऊन अमरावतीच्या मोठ्या परिषदेला गेल्या. तिथे घरचं कोण होतं? त्या पडद्याशी बोलत राहिल्या आणि अर्धं सभागृह उठून गेलं.

परत आल्यावर त्या एका दुपारी आमच्याकडे आल्या; परिषदेत मांडलेलं त्यांचं यंत्र अजून इथेच होतं. सोबत गोकुळ सर होते. ते गणित शिकवतात, दोघं एकाच वर्गात शिकलेले.

"नागपूरचं बोलावनं आलं," मॅडम म्हणाल्या. "मी नाई म्हून कळवून टाकते. मले बोलताच येत नाई. यंत्र राहू दे इथंच."

गोकुळ सर घुटमळले. "धम्मशीला, इथं बी आयकू नव्हतं आलं. मी मांगंच बसलो होतो."

"अन् तू तं म्हनला लय भारी झालं!"

"तुले वाईट वाटू नये म्हून म्हनलो."

"मंग आता काय चांगलं वाटून राह्यलं मले? तिथं लोकं उठून गेले, गोकुळ! तू काऊन नाई सांगतलं?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी मान खाली घातली. "चुकलं माह्यं. आता सांगू का?"

त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सांग. पन सगळं एकदम नोको टाकू अंगावर."

सर शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मॅडमनी भाषण पुन्हा सुरू केलं. आवाज हरवला की सर नुसता हात वर करत. शेवटी ते जवळ येऊन बसले.

"ओली गाठ फोडली की आतून गरम वाफ येते, हे तू सांगतलं ना, तवा मी पुढं सरकलो. तिथूनच सुरू कर. आकडे मंग. अन् आकृती दाखवाले तुले वळाच लागते, त्यात तुही खोट नाई. वळ ना! पन माईक संगं घेऊन वळ. कॉलरले लावाचा घे."

कॉलरचा माईक म्हणजे माझी सुट्टीच की! मॅडमनी मात्र डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हाव, पाहू."

नागपूरला त्या गेल्या. गोकुळ सरांनीच मग इथे सगळ्यांना सांगितलं, की तिथले जिनिंगवाले जेवण सोडून मॅडमभोवती प्रश्न विचारत उभे होते. ते ऐकून मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू!

आता आमच्याकडे सगळ्यांनाच कॉलरचा माईक हवा असतो. मला मेजावरून काढलं आणि स्टेजमागच्या कपाटात टाकलं. इथे अंधार आहे, तुटक्या वायरी आहेत, आणि बोलायला कुणी नाही. फार करमत नाही. मॅडमचं भाषण असलं की बंद दारातून शब्द न् शब्द ऐकू येतो, तेवढीच सोबत.

मित्रांनो, आपलं माणूस बोलून खाली उतरलं की नुसत्या टाळ्या वाजवून चहाकडे पळू नका. त्याला बाजूला घ्या, सांगू का म्हणून आधी विचारा, आणि कुठे लक्ष लागलं, कुठे तुटलं, ते खरंखरं सांगा. दुसऱ्या गावी त्याची फजिती व्हायच्या आत सांगा. गोकुळ सरांनी सांगितलं ते बरोबरच होतं. मला बोलता आलं असतं, तर त्या पहिल्याच दिवशी मी मॅडमना म्हटलं असतं, "पोरी, माझ्या भरवशावर राहू नकोस, दुसरा माईक घे."