टाकीतले पंगतकरी

वसुमतीबाईंनी पन्नास वर्षं नवऱ्याच्या, म्हणजे बिंदुमाधवांच्या, तक्रारी घरातल्या घरात केल्या. या खेपेला मात्र त्या थेट आरोग्य खात्यात गेल्या. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्यांच्या गल्लीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले होते आणि गच्चीवर बिंदुमाधवांची कमळाची टाकी होती. एवढा पुरावा त्यांना पुष्कळ झाला.

टाकी गेली तर बिंदुमाधवांना बघायला फक्त टीव्ही उरणार होता. महिन्यापूर्वी तिच्यावर सोनेरी अंगाचे, काचेच्या पंखांचे, तांबूस डोळ्यांचे चतुर घिरट्या घालत आले आणि शेपटी पाण्याला टेकवत अंडी घालून गेले. आता पिल्लं तळाशी होती.

"डासांच्या अळ्या खातात गं ती," ते आठवडाभर सांगत होते.

"भाजी आणतो, असंही तुम्ही आठवडाभर सांगताय."

खात्याची अनुषा पाणी तपासायला लांब दांड्याचं ओगराळं घेऊन आली. मूळची बेळगावकडची, त्यामुळे मराठीतच दरडावली, "पाच ओगराळी काढणार, अण्णा. एक अळी दिसली तरी टाकी उलटी."

बिंदुमाधवांनी कुलदैवताला हाक मारली. शिवाय खबरदारी म्हणून शेजाऱ्यांच्याही. चार ओगराळ्यांत शेवाळ आलं. पाचव्यात चिखलाच्या रंगाचं, सहा पायांचं, बटबटीत डोळ्यांचं काहीतरी आलं.

"अय्यो! हे काय?"

"चतुराचं पिल्लू. मोठेपणी देखणं होतं."

"आमच्याकडे उलटं झालं," वसुमतीबाई म्हणाल्या.

अनुषानं पुन्हा निरखून पाहिलं. "एकही अळी नाही. टाकी सरी आहे, उलटायची नाही." बिंदुमाधवांनी सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला.

"आता घर बघू."

फ्रिजमागच्या ट्रेमध्ये वीसेक अळ्या वळवळत होत्या. वसुमतीबाईंनी फ्रिजकडे नवऱ्याकडे बघावं तसं पाहिलं. अनुषा ट्रे मोरीत ओतणार, तोच बिंदुमाधवांनी तो अदबीनं मागून घेतला, गच्चीवर नेला आणि टाकीत हळूच रिता केला.

तिघंही वाकून बघत राहिली. तळातून एक पिल्लू वर सरकलं. त्याच्या तोंडाखालून आकडा झटक्यात पुढे आला. एक अळी गेली. मग दुसरी. हां हां म्हणता पंगत उठली.



"अहो," वसुमतीबाई म्हणाल्या, "यांना रोज लागतं का?"

"स्वल्प."

त्या खाली गेल्या आणि कुंड्यांखालच्या पाणी साचलेल्या बशा एकेक करून वर आणू लागल्या.