दोघांची एक उडी

धाकट्या भावाची मतं बंद पडली, तेव्हा ताई घाबरली. त्याचा उजवा हात लुळा पडला तेव्हाही ती एवढी घाबरली नव्हती.

चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्याची हयात गेली. घरी आला की व्हिडिओ गेम, आणि खेळता खेळता तोंडाचा पट्टा. "अर्धेकच्चे गेम विकतात आणि मग वर्षभर ठिगळं पाठवत बसतात," म्हणायचा. पण आवडलं की तोंडभरून कौतुक. "ताई, पावलं ऐक. लाकडावर वेगळी, ओल्या दगडावर वेगळी. कुणीतरी जीव लावून केलंय गं." गेमचं नवं यंत्र आणलं तेव्हा तर तिला कान लावून आतला पंखा ऐकायला लावला होता. "जुना गिरणीसारखा घरघरायचा. हा बघ, झोपलेलं बाळ." ताई शेजारी बसून भाजी निवडायची आणि फारच झालं की म्हणायची, "पुरे रे तुझं पुराण."

आता दवाखान्यातून आल्यापासून तो खुर्चीत नुसता बसून असे. त्याच्या लाडक्या गेमचा नवा भाग निघाला, तो भावजयीनं मुद्दाम आणला.

"अहो, कसा आहे?"

"असेल बरा."

एवढंच. त्यातल्या तुटक्या पुलापाशी त्यानं नेट धरून पाहिलं होतं. डावा अंगठा गेममधल्या पोरीला झकास पळवायचा, पण उडीचं बटण उजवीकडे. उजवा अंगठा तिथवर सरकेपर्यंत पोरगी दरीत. पुन्हा पळवली, पुन्हा दरीत. शेवटी त्यानं कंट्रोलर मांडीवरून बाजूला ठेवला. "विकून टाका हे सगळं. कुणाच्या तरी कामी येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय खरंच वायरी गुंडाळायला बसली. ताई म्हणाली, "थांब जरा. मला बघू दे."

हातात घेतलेलं वाचन शेवटच्या ओळीपर्यंत नेल्याशिवाय उठायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. तो तिनं गेमच्या सेटिंगलाही लावला. भाषा, आवाज, उजेड, एकेक पान वाचत निघाली.

"ताई, ते कुणी वाचत नाही," भाऊ पुटपुटला.

"लिहिणाऱ्यानं लिहिलंय ना? मग कुणीतरी वाचायला नको?"

रंग ओळखता न येणाऱ्यांसाठी निराळे रंग होते. ऐकू न येणाऱ्यांसाठी पावलांच्याही खुणा होत्या. आणि पार तळाशी एक ओळ होती: दोन कंट्रोलर जोडून एकच खेळाडू चालवा.

"हे काय रे?"

भाऊ खुर्चीतून पुढे वाकला. ओळ त्यानं दोनदा वाचली. "म्हणजे पळवायची एकानं, उडी मारायची दुसऱ्यानं."

ताईनं पाहुण्यांसाठी घेतलेला कंट्रोलर उचलला. "मला उडीचं बटण तेवढं दाखव."

"ते खालचं. मी सांगेन तेव्हाच दाब. हं, उडी!"

पोरगी दरीत.

"अगं, 'उ' म्हटलं की दाबायचं. पूर्ण शब्दाची वाट कसली बघतेस?"

"मला शेवटपर्यंत ऐकायची सवय."

पुढच्या खेपेला तिनं घाईनं आधीच दाबलं. दारातून भावजय म्हणाली, "दोघांत मिळून एक अक्कल असली तरी चालेल." कितीतरी दिवसांनी भाऊ हसला.

मग ताईनं त्याचे शब्द सोडून दिले. उडीआधी हा श्वास रोखून धरतो, हे इतकी वर्षं भाजी निवडताना तिनं ऐकलंच होतं. पोरगी पुलावरून धावत सुटली, फळ्या खडखडल्या. शेजारचा श्वास थांबला आणि ताईनं बटण दाबलं.

पोरगी पलीकडच्या काठावर उतरली. ओल्या दगडावर पावलं वाजली.

भावानं घसा खाकरला. "पूल उगाच लांबवलाय. आणि वारा मागच्या भागात जास्त खरा वाटायचा."

भावजयीनं गुंडाळलेली वायर हळूच पुन्हा सोडली.

"पण ती ओळ ज्यानं कुणी घातली ना, ताई," तो म्हणाला, "हात न चालणाऱ्या माणसाचा त्यानं असा विचार..."

ताईनं पदरानं कंट्रोलर पुसला आणि पुन्हा अंगठा खालच्या बटणावर ठेवला.

"बोल की," ती म्हणाली. "पुराण अर्धवट सोडू नये."